पोर्तबोऊला जायचंय? स्पेनच्या शेवटच्या स्टेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्सेलोनाला जाणारी आपली मंडळी दोन दिवस शहर बघतात, एक दिवस फिगेरेसला चित्रकार दालीचं म्युझियम करतात आणि परततात. त्याच रुळांवरून आणखी अर्धा तास पुढे गेलं की पोर्तबोऊ येतं. तिथे स्पेन संपतो. मी या गावाला तीनदा गेले, त्यातल्या एका खेपेला वडिलांना घेऊन. तेव्हापासून नातेवाईक, मैत्रिणी आणि त्यांच्या मैत्रिणी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं नीट लिहून काढली आहेत.

पोर्तबोऊ नेमकं आहे कुठे?

स्पेनच्या ईशान्य टोकाला, कातालुन्या प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठावर. पिरेनीज पर्वतरांग जिथे समुद्रात उतरते, तिथल्या एका छोट्या खाडीत हे गाव बसलं आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला पाणी. डोंगरापलीकडे फ्रान्सचं सेर्बेर हे गाव. दोन्ही गावांच्या मधल्या डोंगरातून किलोमीटरभर लांबीचा रेल्वेचा बोगदा आहे. बोगद्याच्या एका तोंडाला स्पेन, दुसऱ्या तोंडाला फ्रान्स.

लोकवस्ती हजाराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी.

मग एवढ्याशा गावात एवढं प्रचंड स्टेशन कशासाठी?

गाडीतून उतरल्यावर सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. लोखंड आणि काचेचं उंच छत, लांबच लांब फलाट, मागे रुळांचं जाळं, आणि फलाटावर आपण पाच-सहा जण. स्टेशन गावापेक्षा मोठं वाटतं, आणि एका अर्थाने ते तसं आहेही. स्टेशनामुळेच हे गाव झालं.

कारण आहे रुळांमधलं अंतर. स्पेनने रेल्वे बांधली ती रुंद मापाची. आज ते माप १६६८ मिलिमीटर आहे. फ्रान्सचं १४३५. त्यामुळे १८७८ साली सीमेवर दोन्ही देशांचे रूळ भेटले खरे, पण एका देशाची गाडी दुसऱ्या देशात जाऊ शकत नव्हती. माणसांनी उतरायचं, जकात अधिकाऱ्यासमोर पेट्या उघडायच्या, पासपोर्ट दाखवायचा आणि पलीकडच्या गाडीत बसायचं. मालाचंही तेच. व्हॅलेन्सियाकडून आलेली संत्री स्पॅनिश वाघिणीतून काढून फ्रेंच वाघिणीत भरायची. सेर्बेरला हे काम बायका करत. डोक्यावर, कमरेवर टोपल्या घेऊन एका वाघिणीतून दुसरीत. १९०६ साली या बायकांनी मजुरीसाठी संप केला होता आणि तो फ्रान्सभर गाजला.

माझे वडील मिरजेला रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइनची नॅरोगेज अशी तिन्ही मापं शेजारी-शेजारी नांदताना त्यांनी पाहिलेली. रात्री-अपरात्री एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल चढवणारे हमाल, फुटलेली पोती, वाघिणी मोजणारे कारकून, हे सगळं त्यांच्या नोकरीचा भाग. पोर्तबोऊच्या फलाटावर उतरल्याबरोबर बाबा समुद्राकडे वळलेच नाहीत. फलाटाच्या कडेला वाकून दोन्ही बाजूंचे रूळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा आपला, तो त्यांचा." आणि ते बरोबर होतं. स्पेनचं माप आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त आठ मिलिमीटरने कमी आहे, आपलं १६७६. २०१६ साली स्पेनच्या ताल्गो या कंपनीचे डबे दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीला धावलेही. ताल्गोचाच आणखी एक संबंध या गावाशी आहे. १९६९ पासून बार्सेलोना-जिनिव्हा ताल्गो पोर्तबोऊला हळूहळू एका यंत्रावरून जायची आणि चालता-चालता तिच्या चाकांमधलं अंतर बदलायचं. प्रवाशांना उतरावं लागत नसे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी रेल्वेतलं माणूस असेल, तर त्यांना इथे जरूर आणा. मी हे मनापासून सांगते. बार्सेलोनातलं कुठलंही चर्च पाहून बाबांचा चेहरा तसा उजळला नव्हता.

आता तिथे इतकी शांतता का?

सीमा गेली म्हणून. १ जानेवारी १९९३ ला युरोपातली जकात तपासणी बंद झाली आणि गावातल्या जकात दलालांचं, कारकुनांचं काम संपलं. २६ मार्च १९९५ ला सदस्य देशांमधल्या सीमा खुल्या करणारा शेंगेन करार अमलात आला आणि पासपोर्टची रोजची तपासणी गेली. मग फिगेरेसहून पेर्पिन्याँला जाणारी वेगवान रेल्वे झाली, ती डोंगराच्या दुसऱ्याच भागातून. डिसेंबर २०१३ पासून पॅरिस-बार्सेलोना थेट गाड्या त्या मार्गाने धावतात. पोर्तबोऊ बाजूला पडलं. बंद दुकानं, रिकाम्या खिडक्या दिसतात. ते पाहून "इथे काही नाहीच" म्हणून पुढच्या गाडीने परत फिरणारे पर्यटक मी पाहिले आहेत. त्यांनी घाई केली असं मला वाटतं.

बार्सेलोनाहून कसं जायचं?

बार्सेलोना सान्त्स स्टेशनावरून आर-११ ही प्रादेशिक गाडी घ्या. जिरोना, फिगेरेस करत साधारण अडीच तासांत पोर्तबोऊ. आरक्षण लागत नाही, तिकीट काढून बसायचं. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा. यान्सा गेल्यावर समुद्र दिसायला लागतो; बोगदा, निळं पाणी, पुन्हा बोगदा असं चालू राहतं. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

एक चूक टाळा. वेगवान गाडीने फिगेरेसला उतरून पुढची गाडी पकडू असा बेत अनेक जण करतात. वेगवान गाडीचं स्टेशन फिगेरेस-विलाफान्त आहे आणि पोर्तबोऊची गाडी गावातल्या जुन्या फिगेरेस स्टेशनावरून सुटते. मध्ये सामान घेऊन वीसेक मिनिटं चालावं लागतं. गाडी बदलायचीच असेल तर जिरोनाला बदला. तिथे दोन्ही स्टेशनं एकाच ठिकाणी आहेत.

मुंबईहून बार्सेलोनाला दोहा किंवा दुबईमार्गे एका थांब्यात पोचता येतं.

फ्रान्सच्या बाजूने येता येईल का?

हो. पेर्पिन्याँहून कोलिऊर, बानयुल्स करत सेर्बेरला आणि तिथून बोगद्यातून पोर्तबोऊला. काही गाड्या सेर्बेरला संपतात, काही पोर्तबोऊपर्यंत येतात. दोन देशांची वेळापत्रकं वेगळी असतात, म्हणून दोन्ही बघून मगच बेत करा. मध्ये दोन-तीन तासांची फट सहज पडते.

व्हिसा कुठला लागतो? सिंगल एंट्रीवर सीमा ओलांडली तर चालेल?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. स्पेनचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीसाठी मात्र दोन-तीन महिने हातात ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, जून २०२४ पासून. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा पासपोर्ट हवा.

पोर्तबोऊहून सेर्बेरला जाणं म्हणजे शेंगेनच्या आतच फिरणं. त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसावर सकाळी फ्रान्सला जाऊन दुपारी स्पेनला परत येता येतं. याच पिरेनीजमधल्या अँडोराला मात्र हे लागू नाही. अँडोरा शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात तर परत यायला मल्टिपल एंट्री लागते. या एका गैरसमजापायी लोक अडकतात.

आधीच्या तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरला असेल, तर भारतीयांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. ही सोय एप्रिल २०२४ मध्ये आली. दुसरं म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळावर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. पहिल्या खेपेला रांगेत थोडा जास्त वेळ धरा.

सीमा उघडीच आहे, तर पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ का?

नका ठेवू. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ पासून आपल्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि सेर्बेरला पोलीस गाडीत चढतात. दरवेळी नाही, पण चढतात. झेरॉक्स किंवा फोनवरचा फोटो पुरत नाही, मूळ पासपोर्ट लागतो.

माझ्या दुसऱ्या खेपेला डब्यात वीस-बावीस जण होतो. पोलिसांनी तिघांकडे कागद मागितले. मी, एक आफ्रिकी तरुण आणि त्याच्या शेजारचा एक मुलगा. माझं पाच सेकंदांत झालं. त्या तरुणाला त्यांनी खाली उतरवलं. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर पाठीवरची पिशवी पुढे घेऊन काहीतरी शोधत उभा होता. सीमा गेली असं मी वर लिहिलं आहे, पण ती सगळ्यांसाठी सारखी गेलेली नाही.

वाल्टर बेन्यामिन कोण? लोक त्यांच्यासाठी इथे का येतात?

वाल्टर बेन्यामिन हे जर्मन ज्यू लेखक आणि विचारवंत, जन्म बर्लिनचा, १८९२. नाझी सत्तेवर आल्यावर ते पॅरिसला आले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरायच्या सुमारास तिथूनही निघाले. मार्सेयला त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला, स्पेन आणि पोर्तुगालमधून जाण्याचे परवानेही मिळाले. फक्त फ्रान्समधून बाहेर पडण्याचा परवाना मिळाला नाही. म्हणून डोंगरातून चोरवाटेने जाणं आलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बानयुल्सहून ते निघाले. वाट दाखवायला लिसा फिट्को ही तरुण बाई होती, आणि सोबत हेनी गुरलांड आणि त्यांचा मुलगा. वाट फिट्को यांना बानयुल्सच्या महापौरांनी समजावून सांगितली होती. बेन्यामिन ४८ वर्षांचे, हृदय कमकुवत. दर दहा मिनिटं चालायचं आणि एक मिनिट थांबायचं, असा त्यांनी नेम ठरवून घेतला होता. हातात काळी जड बॅग. तिच्यातलं हस्तलिखित आपल्या जिवापेक्षा महत्त्वाचं आहे, असं ते म्हणत.

पोर्तबोऊला पोचल्यावर स्पॅनिश पोलिसांनी सांगितलं की फ्रान्सचा बाहेर पडण्याचा शिक्का नाही, उद्या परत पाठवू. परत म्हणजे गेस्टापोच्या, नाझींच्या गुप्त पोलिसांच्या हाती. रात्रीपुरतं त्यांना गावातल्या एका छोट्या हॉटेलात ठेवलं. २६ सप्टेंबर १९४० ला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. दाखल्यावर मेंदूतल्या रक्तस्रावाची नोंद आहे. बरोबरच्या मंडळींना नंतर पुढे जाऊ दिलं आणि ती लिस्बनला पोचली.

सरकारी नोंदीत त्यांच्या वस्तूंची यादी आहे. चामड्याची बॅग, घड्याळ, पाइप, चष्मा, काही फोटो, एक एक्स-रे, पत्रं, आणि काही कागद. ते कागद कसले, हे लिहिलेलं नाही. हस्तलिखित कधी सापडलं नाही.

आणखी एक गोष्ट घडली. नाव उलट नोंदलं गेलं. बेन्यामिन हे पहिलं नाव आणि वाल्टर आडनाव समजून त्यांना कॅथलिक दफनभूमीत, भाड्याच्या कोनाड्यात ठेवलं. भाड्याची मुदत संपल्यावर अस्थी सार्वजनिक कबरीत गेल्या. मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्यांची मैत्रीण, विचारवंत हाना आरेन्ट याच वाटेने अमेरिकेला जाताना इथे थांबली आणि कबर शोधत फिरली. तिला त्यांचं नाव कुठेच सापडलं नाही. जागा मात्र विलक्षण सुंदर आहे, असं तिने नंतर पत्रात लिहिलं. ती आहेच. खाली खाडी, वर पांढरी भिंत, मध्ये वारा.

स्मारक कसं आहे?

दफनभूमीच्या दारासमोरच. इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी केलेलं, मे १९९४ मध्ये खुलं झालेलं. तिकीट नाही.

लांबून फक्त गंजक्या रंगाची एक पोलादी चौकट दिसते. आत शिरलं की दोन उंच पोलादी भिंतींमधून अरुंद जिना सरळ खाली उतरतो. वरचा भाग छताखाली, अंधारा. पाऊल टाकलं की पोलाद घुमतं. मग छत संपतं, डोक्यावर आकाश येतं आणि अगदी खाली, जिन्याच्या टोकाशी, समुद्र खडकांवर फेसाळताना दिसतो. आपण उतरत राहतो. आणि मधेच काच आडवी येते. पुढे पायऱ्या आहेत, पाणी आहे, पण जाता येत नाही. काचेवर बेन्यामिन यांचे शब्द पाच भाषांत कोरले आहेत. नामवंतांपेक्षा अनामिकांची आठवण जपणं कठीण असतं, असा त्यांचा आशय आहे. वाचताना त्या अक्षरांतून मागचं पाणी हलताना दिसतं, आणि काचेत आपला चेहरा.

मागे वळून वर पाहायला विसरू नका. अंधाराच्या शेवटी प्रकाशाचा एक चौकोन असतो.

तिथे बोलू नये असा फलक कुठे नाही, पण कुणी बोलत नाही. सेल्फी घ्यायची जागा ही नव्हे, एवढं माझं मत.

आई-वडिलांना जमेल का?

स्टेशनापासून खाली गावात आणि गावातून दफनभूमीपर्यंत मिळून पाऊण तासाचं हळू चालणं धरा. शेवटचा चढ आहे, रस्ता पक्का आहे. स्मारकाचा जिना अरुंद आणि उंच आहे. गुडघे दुखत असतील तर उतरू नका. बाबा वरच थांबले. मी खाली काचेपाशी असताना त्यांनी तेवढ्यात दफनभूमीत एक फेरी मारली. तिथे भिंतीत एकावर एक कोनाडे आहेत, प्रत्येकावर नाव आणि ताजी किंवा कापडी फुलं. बेन्यामिन यांच्या स्मृतीसाठी एक दगड आहे आणि त्यावर लोक ज्यू रीतीप्रमाणे छोटे खडे ठेवतात. फुलं नेऊ नका, समुद्रावरचा एक गुळगुळीत खडा न्या. दफनभूमीच्या वेळा दारावर लिहिलेल्या असतात. स्मारक बाहेर असल्याने केव्हाही पाहता येतं.

सीमेवर चालत जाता येतं का?

येतं. कोल देल्स बेलित्रेस ही ती खिंड. गावातून नागमोडी रस्त्याने तासाभराची चढण. वर जुनं, बंद पडलेलं जकात नाकं आहे आणि मोठाले फोटो लावलेलं स्मृतिस्थळ.

जानेवारी-फेब्रुवारी १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात बार्सेलोना बंडखोर जनरल फ्रँकोच्या हाती पडलं आणि सुमारे पाच लाख माणसं फ्रान्सकडे निघाली. सैनिक, बायका, पोरं, जखमी, गाढवांवर गाद्या लादलेले शेतकरी. या पलायनाला तिकडे 'रेतिरादा' म्हणतात. त्यातला एक मोठा लोंढा या खिंडीतून गेला. पलीकडच्या मानुएल मोरोस या चित्रकार-छायाचित्रकाराने लपून टिपलेली त्या दिवसांची छायाचित्रं तिथेच, त्याच वळणावर लावली आहेत. फोटोत जो डोंगर दिसतो तोच डोळ्यांसमोर असतो. फोटोतल्या एका बाईच्या खांद्यावर गाठोडं आहे आणि तिच्या हाताला धरून एक पोरगं कॅमेऱ्याकडे बघत चाललं आहे. मला तिथून लवकर हलता आलं नाही.

कवी अंतोनियो मचादो जानेवारीच्या अखेरीस म्हाताऱ्या आईला घेऊन याच सीमेवरून पलीकडे गेले. २२ फेब्रुवारीला कोलिऊरला त्यांचं निधन झालं, तीन दिवसांनी आईचंही. बाकीच्यांपैकी अनेकांना आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर तारेच्या कुंपणात, उघड्या वाळूवर ठेवण्यात आलं.

दीडच वर्षाने बेन्यामिन उलट दिशेने आले. एकाच डोंगरावरून आधी लोक स्पेनमधून फ्रान्सकडे पळत होते आणि मग फ्रान्समधून स्पेनकडे. गावात दोन्ही बाजू बघितल्याशिवाय पोर्तबोऊ बघून झालं असं मला वाटत नाही, म्हणून खिंडीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. चढ नको असेल तर टॅक्सी विचारा. मात्र गावात टॅक्सी हात दाखवून मिळत नाही, आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावी लागते.

बेन्यामिन ज्या वाटेने आले, ती वाट चालता येते का?

बानयुल्स ते पोर्तबोऊ अशी खुणा केलेली पायवाट आहे. पंधरा किलोमीटरच्या आसपास, सह्याद्रीत फिरायची सवय असेल त्यांना सहा-सात तास. आधी द्राक्षमळे, मग खडकाळ चढ, मग सीमेचा कणा आणि तिथून दोन्हीकडचा समुद्र एकदम दिसतो. सावली जवळजवळ नाही. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये पोर्तबोऊमागच्या डोंगरांत मोठा वणवा पेटला होता, आणि अशा धोक्याच्या दिवसांत वाटा बंद करतात.

एवढं चालायचं नसेल तर जीआर-९२ हा कातालुन्याचा किनारी पायमार्ग इथूनच सुरू होतो. त्यावरून शेजारच्या कोलेरापर्यंत जा आणि गाडीने परत या.

कधी जावं? त्या वाऱ्याचं काय?

मे, जून आणि सप्टेंबर. सप्टेंबरात समुद्र अजून कोमट असतो आणि गर्दी ओसरलेली असते.

त्रामुंताना हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा. हिवाळ्यात जास्त, पण कधीही सुटतो, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि बाहेर उभं राहता येत नाही, असा तो प्रकार. आपल्याकडे वारा म्हटलं की ढग आणि पाऊस आलाच. इथे ढगाचा ठिपका नसताना खिडक्यांची तावदानं रात्रभर थरथरत होती. अशा दिवशी डोंगरवाट धरू नका. छत्री निरुपयोगी, कानटोपी उपयोगी.

समुद्रात पोहता येतं का?

येतं, आणि पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. मात्र वाळू नाही, खडे आहेत. रबरी बूट घातलेत तर पाय वाचतील. गावासमोरच्या मोठ्या किनाऱ्यावर लहान मुलांना नेता येतं, पण खोली लवकर वाढते, लक्ष असू द्या.

शाकाहारी माणसाने काय खावं?

उपाशी राहावं लागत नाही. पा आम्ब तुमाकेत म्हणजे भाजलेल्या पावावर पिकला टोमॅटो घासून, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ; कातालुन्यात हे सगळीकडे मिळतं. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची सोलून तेलात. आपल्या भरताची थेट बहीण, फक्त फोडणी नाही. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट.

सावध राहायचं ते सॅलडपासून. ट्यूना मासा आणि अँकोव्ही न विचारता घालतात. "सेन्सा कार्न नी पेश", मांसही नको आणि मासेही नकोत, हे वाक्य पाठ करून जा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर हॅम येऊ शकतं. जैन मंडळींनी दशम्या, ठेपले सोबत ठेवावेत हे बरं.

मासे खाणाऱ्यांनी या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही आणि सुकेत हा माशांचा रस्सा चुकवू नये.

जेवणाच्या वेळा मात्र पाळाव्या लागतात. दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. संध्याकाळी सहा वाजता भूक लागली तर कॅफेत कॉफी आणि पाव एवढंच. दुपारी दुकानंही बंद असतात, म्हणून फळं आणि पाणी सकाळीच घेऊन ठेवा.

भाषेची अडचण येते का?

गावची भाषा कातालान आहे. स्पॅनिश सगळ्यांना येते, सीमेमुळे फ्रेंचही बऱ्याच जणांना येते, इंग्रजी कमी. सकाळी "बॉन दिया", आभाराला "मेर्सी", निघताना "अदेऊ". या तीन शब्दांनी माणसं खुलतात. बाबांना यातलं काहीच येत नव्हतं. स्टेशनासमोरच्या कॅफेत एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी कागदाच्या रुमालावर तीन समांतर रूळ काढून दाखवले आणि वर "मिरज" लिहिलं. ते गृहस्थही रेल्वेतलेच निघाले. पाऊण तास दोघं त्या रुमालावर आकडे लिहीत बसले होते. तो रुमाल आमच्याकडे अजून आहे.

एक दिवस पुरतो की मुक्काम करावा?

मुक्काम करा. दिवसा येऊन दिवसा गेलात तर गाड्यांच्या वेळा सांभाळण्यातच जीव जातो. राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, उन्हाळ्यात आधी नोंदवा. जागा मिळाली नाही तर यान्साला राहा, गाडीने पंधरा मिनिटांवर.

दोन रात्री असतील तर एक दिवस पलीकडे घालवा. सेर्बेरला जहाजाच्या आकाराचं 'रेयाँ व्हेर' हे जुनं हॉटेल रुळांना लागून उभं आहे. कोलिऊरला मचादोंची कबर आहे. आणि थोडं पुढे एल्न आहे, तिथे मुद्दाम जा. एलिझाबेथ आयडेनबेन्झ या स्विस शिक्षिकेने १९३९ ते १९४४ या काळात छावण्यांतल्या गरोदर बायकांसाठी तिथल्या एका हवेलीत प्रसूतिगृह चालवलं. तिथे ५९७ बाळं जन्मली. स्पेनच्या निर्वासितांची, आणि पुढे ज्यू आणि रोमा (जिप्सी) आयांचीही.

स्पेनच्याच बाजूला राहायचं असेल तर फिगेरेसला दालीचं म्युझियम आहे. सुट्टीच्या दिवसांत तिकीट आधी काढा. पोर्तयिगातचं त्याचं घर पाहायला आरक्षण लागतंच.

शेवटची गाडी चुकली तर?

हे होतं, म्हणून लिहिते. रात्रीच्या गाड्या कमी, आणि रुळांच्या कामासाठी मधले टप्पे कधी-कधी बसने करावे लागतात. त्या दिवशीचं वेळापत्रक सकाळीच बघा आणि फलाटावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. तरी चुकलीच, तर घाबरू नका. स्टेशनाच्या पायऱ्या उतरून खाली समुद्रापाशी जा. कॅफे उघडे असतात आणि तिथे खोलीची चौकशी करता येते. पहिली गाडी पहाटे असते. लवकर उठून फलाटावर गेलात तर समोर समुद्रातून सूर्य वर येताना दिसतो, आणि त्या मोठ्या छताच्या काचा एकेक करून उजळतात.